अजित छाप काळे दंतमंजन

"वकीलबाई, आमच्या पोराचं तोंड चोरलंय!" असं म्हणत भूपाल बिरनाळ्यांनी माझ्या टेबलावर दोन पुड्या आदळल्या आणि समोरच्या चहात काळी पूड उडाली. लवंग, कापूर आणि कोळशाचा वास ऑफिसभर पसरला. सकाळपासून पहिला चहा आलेला, तोही गेला. मी वैतागलेच.

"तोंड चोरलंय म्हणजे काय? बसा आधी. नीट सांगा."

ते बसले. त्यांच्या मागून आलेली बाई मात्र दाराशीच उभी राहिली. सावळी, उंच, डोक्यावरून पदर, हातात कापडी पिशवी. त्यांची बायको, इंदुमती. मी तिलाही बसा म्हटलं तेव्हा ती खुर्चीच्या कडेवर टेकली आणि खिडकीबाहेर बघत राहिली. टेबलावर तिनं नजर म्हणून टाकली नाही.

ही गोष्ट नव्वदच्या आसपासची. कोल्हापुरात ट्रेडमार्कची कामं करणारी मी तेव्हा एकटीच वकील. बाकीच्यांना बांधाचे तंटे आणि भावकीची डोकेफोड पुरून उरायची. माझ्याकडं यायचे ते चपलेवाले, मसालेवाले, गूळवाले, भडंगवाले. मला सगळे 'छापवाली वकीलबाई' म्हणायचे. म्हणोत बापडे, पोट भरत होतं.

"ही आमची," भूपालनी एका पुडीवर बोट ठेवलं. "अजित छाप. आमच्या पोराचा फोटो. आणि ही धनपालची, सुजित छाप. धनपाल म्हणजे माझा सख्खा धाकटा भाऊ. जयसिंगपुरात एका चुलीवर ऱ्हायलो आम्ही, आता वाटण्या झाल्या. मंजन माझ्याकडं, दुकान आणि मळा त्याच्याकडं. त्यानंबी 'मंजन तुझं, दादा' म्हणून मान डोलावली. आणि आता बघा! मंजनच काढलंय पठ्ठ्यानं!"

मी दोन्ही पुड्या उचलल्या. पिवळ्या कागदावर लाल गोल, गोलात दोनेक वर्षांचं पोर. डोक्याला झालरीची कुंची, गालाला तीट, गळ्यात ताईत. दुसऱ्या पुडीवरही पिवळा कागद, लाल गोल, कुंची, तीट. नीट निरखलं तर पोरं वेगळी होती. एकाची हनुवटी टोकदार, दुसऱ्याचे गाल भरलेले. पण कपाळ, नाक, भुवया सगळं एका घरचं.

"हे दुसरं पोर कुणाचं?"

"धनपालचंच. सुजित. आता मिसरूड फुटाय लागलंय त्याला. हा फोटो ल्हानपणचा."

"आणि तुमचा अजित काय करतो?"

भूपालनी मान खाली घातली. "अजित चौथ्या वर्षी गेला, बाई. घटसर्प झाला."

मला जीभ चावावीशी वाटली. इंदुमतीकडं बघितलं, तर ती खिडकीबाहेरच बघत होती. खाली रस्त्यावर कुणीतरी केळी विकत होतं, त्याच्याकडं.

बिरनाळ्यांच्या घरची एक रीत होती. भूपालच्या वडलांनी मंजन काढलं तेव्हा पुडीवर थोरल्या मुलाचं, म्हणजे भूपालचं, बाळपणीचं तोंड छापलं. भूपाल कर्ते झाले, पहिलं पोर झालं, तेव्हा पुडीवर अजित आला. माल निम्मा इकडं आणि निम्मा पलीकडं, चिकोडी-अथणीच्या बाजारांत जायचा. इकडच्या बाया मराठी, तिकडच्या कानडी, आणि वाचता दोघींनाही येत नाही. 'कुंचीतलं पोर द्या' म्हटलं की दुकानदार पुडी काढून द्यायचा. नाव कुणी घेतच नव्हतं. अजित गेला तेव्हा वडील म्हणाले, छाप बदलायचा नाही, गिऱ्हाईक तुटेल. नाही बदलला.

छाप रीतसर नोंदवलेला होता, मुदत संपेल तशी नोंदणी पुन्हा करून घेतलेली होती. एवढं शहाणपण माझ्याकडं येणाऱ्या शंभरात एकाकडं असायचं. धनपालनंही आपल्या छापासाठी अर्ज केला होता आणि तो सरकारी जर्नलमध्ये छापून आला होता. कुणाची हरकत असेल तर सांगा, म्हणून तो छापतात. भूपालना हे सगळं ठाऊक नव्हतं. त्यांना एवढंच ठाऊक होतं, की बाजारात त्यांची पुडी पडून राहते आणि भावाची खपते.

त्यांनी दोन्ही पुड्या शेजारी शेजारी मांडल्या. "हे बघा. झालर बघा, ताईत बघा."

"असं शेजारी ठेवून बघायचं नसतं," मी म्हटलं. "शेजारी ठेवल्या तर आंधळ्यालाही फरक सांगता येईल. तुमचं गिऱ्हाईक बाजारात येतं तेव्हा त्याच्या हातात जुनी पुडी असते का?"

"न्हाई."

"मग कुठं असते?"

"संपली की टाकून देतात."

"म्हणजे डोक्यात असते. तीही अर्धीमुर्धी. बाईला आठवतं काय, तर पिवळं काहीतरी, लाल गोल, कुंचीतलं पोर. तेवढी आठवण घेऊन ती दुकानात उभी राहते. समोर धनपालची पुडी आली तर ती फसेल का, एवढंच कोर्ट बघतं. कुठं कुठं फरक आहे ते मोजत बसत नाहीत. मनावर एकूण ठसा काय उमटतो ते बघतात. नावंसुद्धा कानाला कशी लागतात ते बघतात. अजित, सुजित."

"मग जिंकलोच की आपण."

"गप्प बसा. 'काळे दंतमंजन' हे शब्द कुणाच्या बापाचे नाहीत. बाळाचा फोटो लावायचा हक्कही काही तुमचा एकट्याचा नाही. आणि धनपाल म्हणणार, माझ्या घरची रीत आहे, मी माझ्या थोरल्याचं तोंड लावलं, माझं काय चुकलं? त्याला उत्तर द्यावं लागेल."

"त्याला काय उत्तर द्यायचं?" भूपाल चिडून म्हणाले. "मंजन बंद पडलं तर आम्ही दोघं खाणार काय? दुसरं हाय काय आमच्यापाशी? पोर न्हाई, मळा न्हाई. ह्यो छाप तेवढा हाय."

खिडकीकडं बघणाऱ्या बाईनं तेव्हा पहिल्यांदा तोंड उघडलं. "चला आता," ती नवऱ्याला म्हणाली. "बाईंचा चहा सांडलाय."

मुंबईच्या ट्रेडमार्क कचेरीत हरकत नोंदवली आणि माल बाजारात आलेलाच होता म्हणून कोल्हापूरच्या कोर्टात दावा लावला. धनपालतर्फे उभे राहिले सरनाईक वकील. माणूस हुशार, आवाज भारदस्त, आणि स्वतःच्या आवाजावर फार प्रेम. त्यांच्या उत्तरात एक भलतंच कलम होतं. अजित छापावरचं तोंड मुळी कुणा खऱ्या मुलाचं नाहीच, कॅलेंडरवर असतं तसं चितारलेलं बाळ आहे, आणि असं बाळ कुणीही लावावं. मूळ फोटो आमच्याकडं नव्हता. तो शिवकाशीच्या छापखान्यात गेला तो परत आलाच नाही. स्टुडिओ बंद पडलेला, फोटोवाला मेलेला. मग हे तोंड अजितचंच हे सांगणार कोण? ज्या बाईनं त्याला कुंची घालून स्टुडिओत नेलं तीच.

साक्षीची तयारी करायला मी जयसिंगपूरला गेले. मागच्या पडवीत चार बाया पुड्या भरत होत्या आणि इंदुमती त्या चिकटवून रचत होती. प्रत्येक पुडी पालथी. छाप खाली, पांढरी बाजू वर. हात इतका सवयीचा, की पुडी फिरायची कधी ते कळायचंही नाही. भिंतीवर सासऱ्यांचा फोटो, भगवंतांचा फोटो. अजितचा नाही.

"पालथी का ठेवता?" मी विचारलं.

भरणाऱ्या बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. इंदुमती उठली आणि मला माजघरात घेऊन गेली.

"तुम्ही इचारलंसा म्हणून सांगते," ती म्हणाली. "त्यो गेला तवा ह्यांनी भिंतीला फोटो लावायचा म्हटलं. मी म्हटलं, नको. पुडीवर जिता हाय, भिंतीवर हार घालून मारू नका. पुड्या गाडीत चढल्या की मला बरं वाटायचं बगा. म्हणायची, माझं पोर फिराय निगालं."

"मग?"

"मग एकदा बाजारातनं येताना गटारीत बघितला. पुडी रिकामी आणि त्यो वर तोंड करून पडलेला. काढला, पदरानं पुसला, घरी आणला. मग रोजचंच झालं. स्टँडवर, उकिरड्यावर, म्हशीच्या पायाखाली. किती गोळा करणार, बाई? पिशव्या भरल्या. ह्यांनी एक दिवस सगळ्या चुलीत घातल्या. म्हणाले, याड लागंल तुला. तवापासनं बघायचंच सोडलं. डोळं उघडं ठेवून बघायचं न्हाई, हे बी शिकाय येतंय माणसाला."

मी पाणी प्यायले.

"मग सुजा झाला," तिचा आवाज जरा मोकळा झाला. "जावंला बाळंतपणात कावीळ झाली, ती माहेरी पडून. पोरगं माझ्याच पदरात. माझ्याच हातचं खाल्लं, माझ्याच कुशीत झोपलं. लय द्वाड! अजितची कुंची त्याला मीच घातली. घरात पद्धतच हाय, थोरल्याचं धाकट्याला. त्याला फोटोला बी मीच नेलावता, जाऊ म्हणाली की माझ्यात ताकद न्हाई, वैनी, तुम्हीच जावा."

"म्हणजे दोन्ही फोटोंत कुंची एकच?"

"एकच की. मी शिवलेली."

माझ्यातली वकील तिथंच खूश झाली. कुंची एकच! म्हणजे नक्कल आपोआप सिद्ध. मी ते घाईघाईनं लिहून घेतलं. लिहून मान वर केली तर ती अजून सुजाबद्दलच सांगत होती.

"वाटणी झाल्यापासनं येत न्हाई त्यो. येऊ देत न्हाईत. परवा स्टँडवर दिसला. मला बघून उभा ऱ्हायला, आणि मग मित्रांबरोबर गेला. उंच झालाय. भावजींचा राग माझ्यावर न्हाई, ह्यांच्यावर हाय, पण पोरगं माझं तुटलं बगा त्यात."

"आणि कोर्टात तुम्हाला त्यांच्या विरुद्ध बोलावं लागेल. जमेल?"

"अजितचं हाय ते अजितचं ऱ्हायला पायजे," ती म्हणाली. "त्याचं दुसरं काय उरलंय, बाई? ना पाटी, ना कपडा. तेवढं तोंड हाय. ते बी दुसऱ्याचं म्हणून खपाय लागलं तर त्यो झालावता का न्हाई हे तरी कुणाला कळंल?"

साक्षीच्या दिवशी ती हिरवट सुती पातळ नेसून आली होती. पिंजऱ्यात उभी राहिली, शपथ घेतली, आणि माझ्या प्रश्नांना सरळ उत्तरं दिली. मुलगा कधीचा, फोटो कुठं काढला, कुंची कुणी शिवली, तीच कुंची पुढं कुणाला घातली. एकदाही अडखळली नाही. मागच्या बाकावर धनपाल बसला होता. भावासारखाच रुंद कपाळाचा, पण चेहरा पडलेला. वहिनी बोलत होती तोवर तो जमिनीकडं बघत होता.

मग सरनाईक उठले. कोटाच्या बाह्या सारख्या केल्या.

"बाई, अजित तुमचा पोटचा मुलगा."

"व्हय."

"आई आपल्या पोराला कुठंही ओळखते. गर्दीत, अंधारात. बरोबर?"

"व्हय की."

"मग पुडीवर तुम्हाला त्याचं तोंड ओळखता येईल?"

"येईल न्हाई तर काय."

त्यांनी दोन पुठ्ठे काढले. दोन्ही छापांवरचे गोल मोठे करून आणले होते, आणि खालच्या नावांवर पांढऱ्या पट्ट्या चिकटवल्या होत्या. डाव मला लगेच कळला. तिनं फटकन अजितवर बोट ठेवलं की सरनाईक म्हणणार, बघा साहेब, तोंडं इतकी वेगळी आहेत की ओळखायला क्षण लागत नाही. मी उठले.

"हरकत आहे, साहेब. प्रश्न बाजारातल्या साध्या गिऱ्हाइकाचा आहे. आई काही गिऱ्हाईक नव्हे. आईच्या नजरेवर ही परीक्षा होत नाही."

जज्जसाहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. "हरकत नोंदवून घेतो. विचारू द्या त्यांना."

मी बसले. शेजारून भूपालनी माझी बाही ओढली. "वळखलं तर केस जाती काय हो?"

"जात नाही. जड जाईल. बघू आपण युक्तिवादात."

"मग तिला खुणवा की कायतरी."

"गप्प बसा हो!"

सरनाईकांनी दोन्ही पुठ्ठे पिंजऱ्याच्या कठड्यावर ठेवले. "सावकाश बघा. ह्यातला अजित कुठला?"

इंदुमतीनं आधी डोळे मिटले. मला दिसलं, तिचे हात कठड्यावर घट्ट आवळले गेले. मग तिनं डोळे उघडले आणि वाकली. नजर आधी उजवीकडं गेली ती तिथंच राहिली. तो पुठ्ठा तिनं दोन्ही हातांनी उचलला, आणि तिचा चेहरा असा काही उजळला की त्याआधी आणि त्यानंतर मी तिला तशी कधी पाहिली नाही.

"ह्यो," ती म्हणाली. "ह्यो माझा."

ती आपल्याच तंद्रीत होती. तिचा अंगठा त्या गालावरून फिरत होता.

"ही तीट बगा कशी पसरलीया. लावली की पुसायचा लबाड, लावली की पुसायचा. फोटोवाला दमला, मी दमले. आणि पुसून वर हसायचा..."

"वैनी!"

मागच्या बाकावरून धनपाल उठला होता. बेलिफानं त्याला 'खाली बसा' म्हटलं, पण तो बसला नाही.

"वैनी, त्यो आमचा सुजा हाय वो," तो म्हणाला. "तीट पुसायचा त्यो सुजा. अजित गरीब व्हता."

जज्जसाहेबांनी हात वर केला आणि सगळं थांबलं. सरनाईकांचा चेहरा पांढराफटक. त्यांनी स्वतःच पुढं होऊन पट्टी सोलली. खाली लाल अक्षरांत सुजित होतं. टंकलेखक बोटं वर धरून वाट बघत होता.

इंदुमतीनं धनपालकडं बघितलं, मग हातातल्या पुठ्ठ्याकडं. "सुजा?" ती हळूच म्हणाली. तिच्या तोंडावरचं सगळं एकेक करून विझत गेलं. तिनं पुठ्ठा कठड्यावर ठेवला, पालथा.

"बाई," जज्जसाहेब मराठीत म्हणाले, आवाज खाली आणून, "दुसरा फोटो बघायचा आहे का तुम्हाला? पुन्हा सांगायचं आहे काही?"

"नको," ती म्हणाली आणि पदर पुढं ओढून खाली उतरली.

पुढचं आताच सांगून टाकते, उगाच तुमचा जीव टांगणीला नको. निकाल आमच्याच बाजूनं लागला. धनपालच्या छापाला मनाई झाली, मुंबईचा अर्जही फेटाळला गेला. जिथं जन्मदात्या आईची फसगत होते तिथं बाजारातल्या सामान्य गिऱ्हाइकाची काय कथा, असं जज्जसाहेबांनी लिहिलं. माझ्या हरकतीचा कुठं उल्लेखही नव्हता. तरुण वकील अजून ते वाक्य युक्तिवादात वापरतात आणि मला फोन करून 'मॅडम, काय केस होती ती!' म्हणतात. मी हो हो म्हणते.

पण साक्षीच्या त्या दिवशी निकाल अजून लागायचा होता. मला सांगलीला काम होतं म्हणून मी बिरनाळ्यांच्याच गाडीतून निघाले. भूपाल पुढं ड्रायव्हरशेजारी, आम्ही दोघी मागं. कोर्टाच्या फाटकाबाहेर गाडी पडली मात्र, भूपालना धरवेना.

"अगं, काय ती अ‍ॅक्टिंग!" ते मागं वळून म्हणाले. "मला म्हणाली न्हाईस, वकीलबाईंना म्हणाली न्हाईस! मी हितं घामानं भिजलोय, म्हटलं आता ही वळखती आणि सगळं घालवती. आणि ही म्हणती, ह्यो माझा! वर आणि 'तीट पुसायचा लबाड'! त्या सरनाईकाचं थोबाड बघितलंस?"

इंदुमती काचेतून बाहेर बघत होती.

"बाई, तुम्ही तरी सांगा, हिला कुणी शिकवलं हे? इतकी वर्षं संसार केला, मला कधी कळलं न्हाई, एवढं डोकं हाय हिच्यात. व्हय गं? मुद्दाम केलंस न्हवं?"

तिनं माझ्याकडं बघितलं नाही. "व्हय," ती म्हणाली.

"बघा!" भूपालनी ड्रायव्हरच्या खांद्यावर थाप मारली. ड्रायव्हरही हसला. मलाही त्या क्षणी हायसं वाटलं. हुशार बाई आहे, म्हटलं. तिनं माझं आणि नवऱ्याचं कुजबुजणं ऐकलं असेल आणि डाव उलटवला असेल. आयुष्य कोर्टात काढलेल्या माणसाला असलंच काहीतरी सुचतं.

हातकणंगल्याला गाडी थांबली. गावोगावच्या एजंटांना फोन करायचे म्हणून भूपाल बूथकडं पळाले, ड्रायव्हर चहाला गेला. गाडीत आम्ही दोघीच. बाहेर उसाच्या गाड्या जात होत्या, धूळ आत येत होती. मी काच वर करायला लागले.

"बाई," ती म्हणाली, "त्यो फोटो हाय तुमच्यापाशी?"

"कुठला?"

"दुसरा. जो मी बघितला न्हाई."

सरनाईकांच्या पुठ्ठ्यांची एकेक प्रत मला मिळाली होती. मी फाईल उघडून अजितचा पुठ्ठा तिच्या हातात दिला. तिनं तो मांडीवर ठेवला, मग उचलून उजेडाकडं धरला. खूप वेळ बघत राहिली. डोळ्यांतून पाणीबिणी काही नव्हतं. नवीन पाहुणा घरी आला की माणूस बघतं तशी ती बघत होती.

"ह्यो अजित?"

"हो."

"नक्की न्हवं? नाव बगा की त्या पट्टीखालचं."

मी पट्टी सोलली आणि नाव तिला दाखवलं. तिनं ते अक्षर अक्षर लावून वाचलं. मग परत वर, त्या तोंडाकडं बघितलं.

"बाई, मी ह्याला वळखत न्हाई वो," ती म्हणाली.

"असं काय म्हणता? इतक्या वर्षांत बघितला नाही तुम्ही फोटो, म्हणून वाटतंय तसं. घरी जाऊन नीट बघा, आठवेल."

"पुडी बघितली न्हाई, पण त्याला मी रोज बघतीया की. डोळं मिटलं की येतोय. तिन्हीसांजंला, भाकरी थापताना. येतोय, गालावरची तीट पुसतोय, हसतोय. मी त्याच्याशी बोलतीया. ह्यांना म्हाईत न्हाई." पुढचं बोलली तेव्हा आवाज अगदी साधा होता, बाजारात भाव विचारावा तसा. "म्हणजे त्यो सुजाच येत व्हता की, बाई. मग माझा कवा गेला?"

मी वकील. प्रश्न आला की उत्तर द्यायचं हे माझं काम. मी नुसता तिचा हात धरला.

रस्त्यापलीकडून भूपाल येताना दिसले. हातात पुडकं होतं आणि लांबूनच ते हात हलवत होते. इंदुमतीनं पुठ्ठा माझ्या मांडीवर परत ठेवला.

"राहू द्या तुमच्याकडंच," मी म्हटलं. "कोर्टाला लागणार नाही हा. घरी घेऊन जा."

"नको," ती म्हणाली. "वळख न पाळख. कुणाचं लेकरू घरात न्यायचं आणि काय म्हणून बघायचं त्याच्याकडं?" आणि मग घाईनं, नवरा गाडीपाशी यायच्या आत, "ह्यांना कळू देऊ नका, तुमच्या पाया पडते. अजित त्यांचा तरी असू दे."

भूपालनी मागचं दार उघडलं. पुडक्यातला पेढा काढला, बायकोच्या तोंडापुढं धरला. चारचौघांत बायकोला भरवणारा माणूस नव्हे तो, पण त्या दिवशी त्यांना कशाचं भान नव्हतं. डोळे भरून आलेले.

"घे," ते म्हणाले. "आ कर. आज आपल्या अजितला तू परत आणलंस."

तिनं आ केला. पेढा चावत ती नवऱ्याकडं बघून मान हलवत राहिली, आणि त्यांनी उरलेला अर्धा स्वतःच्या तोंडात टाकला.